न धुतलेली चादर

आमच्या शेजाऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नाही. तेवढं भिण्याची हिंमतच कुणात नव्हती. अंबडच्या कारखान्यात फिटर, बायको गेलेली, घरात एकुलती मुलगी आणि मागच्या अंगणात पाच ससे. कुकरच्या शिट्टीला दचकत, पोस्टमन तार घेऊन येताना दिसला की न्हाणीघरात जाऊन कडी लावत. पण सर्वांत जास्त भीत ते नवा ससा जुन्यांत सोडायला. एकदा त्यांनी नवी पांढरी मादी कौतुकाने थेट पिंजऱ्यात सोडली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जुन्यांनी तिचा कान फाडला.

तेव्हापासून त्यांनी रीतच घातली. नवीला वेगळं ठेवायचं आणि तिच्या अंगाखालचं गोणपाट जुन्यांकडे, त्यांचं तिच्याकडे द्यायचं. "वहिनी, वास ओळखीचा झाला की भीती निम्मी होते," हे सांगताना तेच पिंजऱ्यापासून दोन पावलं मागे सरत. पंधरा दिवसांनी भेट ठरली, तीही आमच्या मोरीत, कारण ती जागा कुठल्याच सशाची नव्हती. ते कारखान्यातले चामडी हातमोजे घालून उभे, मी मध्ये घालायला सूप घेऊन. पांढरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. जुन्यांतला दांडगा काळा नर तिच्याकडे निघाला तसं मी सूप उचललं. शेजाऱ्यांनी तर डोळेच मिटून घेतले. काळ्याने तिचा फाटका कान हुंगला आणि चाटायला सुरुवात केली. "मेली का हो?" ते विचारत होते.

त्याच वर्षी मुलीचं लग्न नामपूरला ठरलं. स्थळ चांगलं होतं, पण घरात चौदा माणसं. "चौदा जण, वहिनी! ही एकटी, आणि जागा त्यांची." मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून गिळलं. त्यांना तो कान दिसत होता.

याद्या करायला मीही गेले होते. मानपानाचं काही न बोलता त्यांनी विहीणबाईंकडे एकच वस्तू मागितली: घरातली वापरलेली, न धुतलेली चादर.

"हाऊ माणूस येडा शे का?" विहीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आता लग्न मोडतंय, या धास्तीने मी पदर चावत बसले. मग शेजाऱ्यांनी त्या कानाची गोष्ट सांगितली. विहीणबाई उठल्या आणि स्वतःच्या गादीवरची चादर घेऊन आल्या. "मी बी कधी नवी व्हती," एवढंच म्हणाल्या.

मुलगी महिनाभर नाक मुरडत त्या चादरीवर झोपली. लग्नानंतर आठवड्याने तिचं पत्र आलं, "बाबा, सासूबाईंच्या अंगाला ओळखीचाच वास येतो." ते त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. त्यांच्या गादीवर मुलीची जुनी चादर अंथरलेली होती, चांगलीच मळलेली.

"द्या, माझ्या कपड्यांबरोबर धुऊन टाकते," मी म्हटलं.

"नको!" इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग ते ओशाळले. "तिची भीती गेली, वहिनी. माझी अजून आहे."

मी चादरीची सुरकुती सरळ केली आणि घरी आले.