सुनंदाताईंची तीन वाक्यं

रत्नागिरीच्या मांडवीत सुनंदाताईंकडे शिकायला जाताना चपला काढायच्या आधीच आमची नजर पडवीतल्या पाटीवर जाई. तिथे रोज एक इंग्रजी शब्द लिहिलेला असे. स्लोली, जेंटली, अगेन. काम कसं करायचं ते सांगणारा शब्द, म्हणजे शाळेतलं क्रियाविशेषण. त्याची तीन वाक्यं करायची आणि ती हिब्रूत म्हणून दाखवायची. तोवर चहा नाही.

ताई चौदा वर्षं इस्राएलमध्ये एका म्हाताऱ्या बाईंची सेवा करून परतल्या होत्या. तसंच काम मिळवू पाहणाऱ्या आम्ही चार नर्स त्यांच्याकडे येत होतो. घरातल्या तरुण माणसांशी इंग्रजीत भागतं, पण अंथरुणावरच्या आजीला तिची भाषाच लागते, म्हणून हा खटाटोप. "पाणी, उशी, चादर बोटाने दाखवाल गो," ताई म्हणत. "'हळू' कसं दाखवशील?"

पहिल्याच दिवशी मी हुशारी केली. 'स्लोली'ची तीन वाक्यं मोबाइलवरून हिब्रूसकट उतरवून घेतली आणि घडाघडा म्हटली. पहिलं होतं, गाडी हळू चालते. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आजी तुला गाडीचा वेग विचारणाराय? जा. घरी आईला आंघोळ घाल, नि मग वाक्यं घेऊन ये."

माझी आई संधिवाताने जेरीला आलेली. दुसऱ्या दिवशी मी तीन वाक्यं नेली. हळू उठ. पाठ हळू चोळत्ये. हळू चाल, मला घाई नाही. तिसऱ्यावर ताईंनी मान डोलावली. हिब्रूत हळूला 'लेआत' म्हणतात. तो शब्द मला अजून आईच्या ओल्या पाठीसकट आठवतो.

ताई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. चुकलं की "मठ्ठ आहेस" असं तोंडावर सांगत आणि बशीत एक लाडू जास्त ठेवत. 'ताबडतोब'ला तिकडे 'मियाद' म्हणतात. तो शब्द शिकवताना त्या म्हणाल्या, "धोक्याचा भोंगा वाजला की सगळे मियाद मियाद ओरडतात. आजीचे गुडघे लेआत म्हणतात. तू गुडघ्यांचं ऐक." असा भोंगा वाजताना त्यांनी त्या बाईंना कितीदा आसऱ्याच्या खोलीत नेलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला काम मिळालं. इथल्या पगारात भागत नव्हतं, जाणं भाग होतं. पण आपली आई भावावर सोपवून दुसऱ्याची आई सांभाळायला निघायचं, हे आतून खात होतं. निघायच्या आदल्या दिवशी ताईंना नमस्कार केला आणि सवयीने म्हणाले, "लवकर येत्ये, ताई."

"आईलाही हेच सांगितलंस?"

मी हो म्हटलं.

"हा शब्द मी पाटीवर कधी लिहिला नाही," ताई म्हणाल्या. "बेकारोव म्हणतात तिकडे. मी सहा वर्षं फोनवर आईला लवकर, लवकर करत राहिले. ती शेजारणीला विचारायची, लवकर म्हणजे कधी गो? मी पोचले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता." मग नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "आईला दिवस सांग. नि तो पाळ."

त्या संध्याकाळी मी आईला दिवस सांगितला. पुढच्या वर्षी, गणपती बसायच्या आदला दिवस. "इतकं लांब?" एवढंच ती म्हणाली आणि दुसरीकडे बघत बसली. लवकर म्हणणं किती सोपं होतं, ते तेव्हा कळलं. मला फार लाज वाटली.

तिकडच्या कुटुंबाने सुट्टी पुढे ढकलायला दोनदा विनवलं. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. त्याच वर्षी आषाढात ताई गेल्या. बातमी फोनवर आली. मी स्वयंपाकघरात रडून घेतलं, तोंड धुतलं आणि तिथल्या आजींना जेवण भरवलं.

सांगितल्या दिवशी मी रत्नागिरी स्टेशनवर उतरले. गाडीला तीन तास उशीर झाला होता. आई बाकावर बसली होती, शेजारी भाऊ. "सकाळपासून बसल्ये," तो म्हणाला. "घरी चल म्हटलं तर ऐकत नाही."

"आजचाच दिवस ना गो?" आईने विचारलं आणि माझ्या हाताचा आधार घेऊन उठली.