पंचमीच्या आधीची तपासणी

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तांदूळ निवडायचं. माण गावातल्या घरी, ओसरीवर, भर दुपारी. आमची भातखाचरं होती तितं आता काचेची इमारत हाय, आणि तांदूळ धरणाकडच्या पाहुण्यांकडून येतो. पण लावणीच्या दिवसात चिखलात उभं राहून आमची ही जशी मला हाका मारायची, तशीच परवापर्यंत मारायची. "अवं, बसा हितं. डोळं हायेत ना अजून?" आमच्या जन्मातल्या निवांत गप्पा झाल्या त्या सुपावरच.

शेजारी आमची भाडेकरीण लॅपटॉप घेऊन बसलेली. सांगोल्याकडची पोर, नवरा नोकरीला बंगळूरला. लग्नानंतरची पहिली पंचमी दोन दिवसांवर आलेली, आणि तिला माहेरी जायला मिळंल का न्हाई त्याचाच घोर.

कंपनीचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला द्यायचं झालं, की सगळे तुकडे जोडायचे, चालवून बघायचे, मगच सोडायचे. ते तीच हातानं करायची, म्हणून सणाला रजा न्हाई. आता तिनं ते सगळं यंत्रावर लावून दिलं होतं. जोडणी आपोआप, तपासणी आपोआप; एक जरी तपासणी नापास झाली तर माल बाहेर जायचा न्हाई. त्या दुपारी ते पहिल्यांदा खरं चालणार होतं. नीट चाललं, तर पोर सकाळी माहेरी निघणार.

पडद्यावर हिरव्या खुणा येत गेल्या. मग एक लाल. जुन्या फोनवर ते उघडतच नव्हतं.

तिचा साहेब फोनच्या स्पीकरवर म्हणाला, "ती एक तपासणी काढून टाक. जुना फोन कोण वापरतं आता?"

हिनं कमरेचा तडकलेला फोन काढला. "मंग आमी काय मेलो व्हय? इचार तुझ्या सायबाला!"

पोर हसत सुटली. तपासणी काढली न्हाई तिनं; चूक शोधून दुरुस्त केली, परत चालवलं. आमचा तांदूळ कवाच संपला होता, तरी ही उठंना. सगळं हिरवं झालं आणि माल आपसूक गेला.

"आजी, आता मी नसले तरी चालतंय बघा."

"मंग जा की आईकडं! भर पिशवी."

दिवेलागणीला हिच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या वाटेवरच गेली. रात्रीच सगळं उरकलं.

सकाळी पोर स्वयंपाकघरात चहा टाकत होती. डोळे सुजलेले. "आजोबा, मी नाही जात. तुमच्याकडे कोण बघणार?"

"भावकीनं घर भरलंय. तुझी आई तितं वाट बघतीय, आणि तू हितं रडलीस म्हणून ही काय परत येणार न्हाई."

तोडूनच बोललो. दुसरं येतंय काय मला? तिची पिशवी उचलली आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं आली मागनं. बसला हात केला, पिशवी आत सरकवली आणि कंडक्टरला म्हणालो, "पोरीला खिडकीपाशी बसवा. माहेरी निघालीय."