नेव्ह हॅलमचा इमू

उघडं गेट मी बंद केलं, एवढाच माझा गुन्हा. आमच्या पश्चिम क्वीन्सलँडात गेट जसं दिसेल तसंच सोडून पुढे जायचं असतं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. हे शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. पण हिवाळा लागला की शहरातले फोटोवाले येतात, हातभर लेन्स मिरवतात आणि गेटं सताड उघडी टाकून जातात. हाही त्यांचाच प्रताप समजून मी कडी घातली, चार शिव्या हासडल्या आणि मोठ्या समाधानाने पाणवठ्यावर नेव्हला भेटायला गेलो.

नेव्ह हॅलमने जन्मभर पवनचक्क्या दुरुस्त केल्या आणि माणसांना नावं ठेवली. म्हातारपणी त्याला फोटोंचं वेड लागलं. त्याचे फोटो मी पाहिलेत. कांगारूची शेपटी, गरुड उडून गेल्यानंतरची फांदी, आणि एका घोरपडीचं मागून घेतलेलं भव्य दर्शन. तरी इतरांविषयी बोलताना त्याचं नाक कायम वर.

"शहरवाले? रानात येऊन कॉफी शोधणारी जमात!"

गावच्या प्रदर्शनात फोटोच्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत दरवर्षी ग्लेनिस प्रुइटच्या सूर्यास्ताला मिळते. त्यावर तो म्हणतो, "सूर्य काय, रोज बुडतो. पळून जातो का कुठे? कोंबडीलासुद्धा काढता येईल तो."

यंदा मात्र फीत त्यालाच हवी होती. डोळे अधू होत चालले होते. "पुढच्या वर्षी मला इमू आणि ग्लेनिस सारखेच दिसतील," असं तो मला आधीच बजावून बसला होता. इमूची पिल्लं बाप वाढवतो. असाच एक बाप पट्टेरी पिल्लांना घेऊन रोज त्या उघड्या गेटातून पाण्यावर यायचा. तोच फोटो नेव्हला हवा होता, आणि प्रदर्शनात फोटो देण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

गोणपाटाच्या आडोशात आम्ही दबून बसलो.

"कॉलिन, श्वास हळू घे. म्हशीसारखा फुसफुसतोयस."

थोड्या वेळाने पिल्लं आली. पण एकटीच, चिवचिवत, भेदरलेली. बाप कुंपणापलीकडे वेड्यासारखा येरझाऱ्या घालत होता. पिल्लं जाळीतून निसटली होती, तो अडकला होता. वर गरुड घिरट्या घालायला लागला.

"गेट कोणी लावलं?" नेव्हने विचारलं.

"मी. मला वाटलं..."

"तुला वाटतं? कधीपासून?"

त्याने कॅमेरा स्टुलावर ठेवला.

"मी थांबतो इथे," मी म्हणालो.

"तुला कॅमेऱ्याजवळ सोडून जाऊ? चल मुकाट्याने!"

लांबून वळसा घालून आम्ही गेट उघडलं. पण माणसं पाहून इमू मागे सरकला. आणखी थोडा बिचकला असता तर गेलाच असता. मग नेव्ह तिथेच धुळीत उताणा पडला आणि हवेत सायकल चालवावी तसे पाय मारायला लागला. इमूला असला तमाशा दिसला की राहवत नाही.

"बघतोस काय ठोंब्या? तुझेही पाय हलव!"

मीही पडलो. दोन म्हातारे, चार पाय, खाली काटे. इमू मान लांब करत आला, नेव्हच्या बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे तर तुच्छतेनेच पाहिलं, आणि आम्हाला वळसा घालून आत गेला. पिल्लं धावत त्याच्या पायांत शिरली. गरुड कंटाळून निघून गेला.

आणि मग, आमच्या रिकाम्या आडोशासमोर, कोवळ्या उन्हात बाप पाण्यावर वाकला, दोन्ही बाजूंना पिल्लं रांगेने उभी. नेव्हला हवा होता तो फोटो तिथे जसाच्या तसा उभा होता. फक्त तो काढायला कोणी नव्हतं. आम्ही जरा हललो असतो तरी सगळे उधळले असते.

"नेव्ह," मी कुजबुजलो, "सरपटत गेलास तर कॅमेऱ्यापर्यंत पोचशील. जा ना!"

"तोंड मीट, तो पाणी पितोय."