भूकंपाच्या बटणाला हळदकुंकू

भूकंप बघायला कोणी मुद्दाम गावाला जातं का? मी गेलो. मामांचा फोन आला, "बाबू, शाळेत भूकंपाची गाडी येऊन राहिली. तू ये न् गजूले समजाव." गजू म्हणजे त्यांचा मुलगा. कौलं उतरवून त्याच जुन्या मातीच्या भिंतींवर त्याला स्लॅब टाकायचा होता, मिस्त्री सोमवारी येणार होता. त्या भिंतींना भार झेपणार नाही, असं मामांचं म्हणणं. आता खरं सांगून टाकतो. हे खूळ गजूच्या डोक्यात मीच घातलं होतं, दिवाळीत, सुपारी कातरता कातरता. "आजकाल कौलं कोण ठेवतं?" मी विमा ऑफिसातला कारकून, पण आव इंजिनियरचा.

शनिवारी पहाटे नागपूरहून एसटीने साकोलीवरून कोहमारा, पुढे नवेगाव बांधसाठी काळी-पिवळी. जीप खचाखच भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर येऊच नका. फाट्यावर आलूबोंडा खा, तेलाचा रंग बघू नका. माझं जेवण मामींकडे होतं: भात, लाखोरीचं वरण आणि तलावातली मासोळी. तुम्हाला मामी नसतील तर डबा आणा.

शाळेच्या मैदानात फिरत्या विज्ञान प्रदर्शनाची निळी बस उभी होती. दारावर पाटी, 'स्वतः करून पाहा'. आत दुसरी पाटी, 'हात लावू नये'. मधोमध एक टेबल. बटण दाबलं की ते हलतं. पण उद्घाटनाचे साहेब यायचे होते, तोवर भूकंपाला परवानगी नव्हती. दोन तास आम्ही उन्हात बसलो. साहेब आले, नारळ फुटला, बटणाला हळदकुंकू लागलं, फीत कापली गेली. साहेबांनी बटण दाबलं आणि लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ अख्ख्या गावाला पाठ होती, पत्रिका छापणाऱ्यांनी तेवढी कोणाला विचारली नव्हती. भूकंप झाला असं धरून लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेब जेवायला गेले.

मामा मात्र स्वस्थ बसले नाहीत. आमचं आजोळ कोहळी समाजाचं, पिढ्यान्‌पिढ्या तलावाची पाळ बांधणारं. त्यांनी तलावावरून माती आणली, चोपून चोपून वीतभर घर उभं केलं आणि उन्हात वाळवत ठेवलं. लाईट आल्यावर ते घेऊन थेट टेबलापाशी.

"काका, आमचं मॉडेल आहे ना," बसमधल्या मॅडम म्हणाल्या.

"तुमचं लाकडाचं हाय. मले माह्या घराचं पाह्यचं हाय."

मॅडम चांगल्या निघाल्या. आतली पाटी उलटी करून त्यांनी घर टेबलावर ठेवलं. आधी वर कौलाचा तुकडा ठेवून बटण दाबलं. भिंतीला तडा गेला, पण घर उभं राहिलं. मग गजूने स्वतः फरशीचा जाड तुकडा वर ठेवला आणि स्वतःच बटण दाबलं. भिंती फाकल्या, फरशी सपाट खाली.

"हे तं खेळणं होय," गजू म्हणाला.

मामांनी फरशीखालच्या ढिगावर बोट ठेवलं. "इथं तुही माय झोपते."

गजूने फरशी उचलून बाजूला ठेवली. वर वजन जितकं जास्त तितका भिंतीला हिसका मोठा, मॅडम सांगत होत्या. कौलाचं घरही काही भक्कम नाही, आणि स्लॅबच हवा तर पायापासून खांब उचलून सगळं एकमेकांत बांधायला हवं. गजूने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला. "दादा, तूच तं म्हणे, कौलं कोण ठेवते?"

मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "कायले त्याचं नाव घेतं? त्याले यातलं समजते, म्हणून तं बोलावलं." मी 'हात लावू नये'ची पाटी शोधून वाचायला लागलो. ती उलटी होती.

रविवारी घरी परतलो. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. "मिस्त्रीले परत धाडलं. खांबाचं पुढच्या साली पाहू. साऱ्या गावाले सांगून राहिलो, भाचा आला म्हणून घर वाचलं."

"त्यात काय मामा," मी म्हणालो आणि फोन ठेवला. लाज वाटली, अजून वाटते. मामा इंटरनेट वाचत नाहीत, म्हणून हे इथे एवढ्या हिमतीने लिहिलंय. गजू वाचतो.