रसमातलं निलवेंबू

"गाठ आहे, आणि ती साधी नाही," डॉक्टर आधी इंग्रजीत म्हणाले, मग तमिळमध्ये. दोन्ही वेळा ते माझ्या नवऱ्याकडे बघत होते. आतडं माझं आणि रिपोर्ट मुरळीच्या हातात. "डॉक्टर, पेशंट मी आहे," असं म्हटल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि नीट समजावून सांगितलं. सिग्मॉइड कोलन म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग. तिथे अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरात सुरू होणारा कर्करोग.

भीती नंतर आली. ऐकताक्षणी मला वाटलं ते वेगळंच: म्हणजे मी आळशी नव्हते! कित्येक महिने बँकेतून घरी आले की चपला काढायचंही जिवावर यायचं. ओएमआर रोडची गर्दी, पन्नाशी, चेन्नईचा उकाडा, सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं. खरं कारण हे होतं की रोज थोडंथोडं रक्त जात होतं आणि हिमोग्लोबिन पार तळाला गेलं होतं.

मी मूळची साताऱ्याची. बँकेच्या बदलीने चेन्नईला आले, इथल्या तंजावर-मराठी घरात लग्न केलं आणि आता चेन्नईतल्याच पेरुंगुडीला राहते. मुरळीची आई, आमच्या अम्मा, आमच्याजवळच असतात. त्यांची मराठी तंजावरच्या राजांच्या वेळची, वर तमिळची फोडणी. लग्नानंतर वर्षभर आम्ही दोघी मराठीत बोलायचो आणि न समजलेलं मुरळी दोघींना तमिळमध्ये सांगायचा. माझं तमिळ सुधारलं ते त्यामुळेच.

शौचाला रक्त दिसायचं. हे लिहायला आजही लाज वाटते, पण त्याच लाजेपायी एवढा वेळ गेला, तिला आणखी किती सांभाळायचं? मी फोनवर साताऱ्याच्या मावशीला सांगितलं. ती म्हणाली, मूळव्याध असेल, सुरण खा. अम्मांना सांगितलं. त्या म्हणाल्या, केळफूल खा. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. मी दोन्ही खाल्लं, वर ताकात जिरेपूड. सुरण आणि केळफूल या चांगल्या भाज्या आहेत, त्यांना मी दोष देत नाही. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा तो प्रकार होता.

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. नाव ऐकून लोक घाबरतात. खरा त्रास आदल्या दिवशीचा, पोट साफ करायला जे खारट पाणी तांब्यातांब्याने प्यावं लागतं त्याचा. तपासणी झोपेतच होऊन जाते. त्याच वेळी गाठीचा तुकडा घेतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. मग सीटी स्कॅन, मग शस्त्रक्रिया. आतड्याचा तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडली. काढलेल्या भागासोबतच्या काही लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे रसग्रंथींमध्ये, रोगाच्या पेशी सापडल्या. म्हणून तिसरी स्टेज. म्हणून किमोथेरपी.

किमोच्या डॉक्टर बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जे दिसत होतं ते काढलं आहे. ही औषधं न दिसणाऱ्यासाठी. वेळापत्रक पाळलं तर रोग परत येण्याची शक्यता कमी होते. एवढंच माझ्या हातात आहे." तेवढंच माझ्याही हातात होतं. वेळेवर जायचं, टोचून घ्यायचं, घरी यायचं.

दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून एक औषध आणि मध्ये दोन आठवडे गोळ्या. त्या सलाइनमुळे थंड काहीच सोसेनासं होतं. चेन्नईचा मे महिना आणि मी माठातलं पाणीसुद्धा पिऊ शकत नव्हते, घशात काटे टोचायचे. फ्रिजमधलं दूध काढायला हातमोजे. हे सगळं सहन होतं. चव गेली ते मात्र जास्त जिव्हारी लागलं. जिभेवर सतत गंजका खिळा ठेवल्यासारखं. आंबा खिळ्यासारखा, भात खिळ्यासारखा, चहा तर खिळे उकळून केल्यासारखा.

बघायला येणारा प्रत्येकजण वैद्य होता. सोसायटीतल्या एकाने गव्हांकुराचा रस सांगितला, बँकेतल्या एकीने लक्ष्मणफळाची पानं. फोनवर रोज एक व्हिडिओ: हळदीने आतड्याचा कर्करोग वितळतो, डॉक्टर हे तुमच्यापासून लपवतात. मी इतकी दमलेली असायचे की नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं सोपं जायचं. हो म्हणायचे आणि काहीच करायचे नाही.

अम्मा मात्र एकही सल्ला देत नव्हत्या. स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं होतं. सकाळी पेज, दुपारी आणि रात्री माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात केलेलं रसम. समोर बसून संपेपर्यंत उठायच्या नाहीत. मला वाटायचं, सासू असावी तर अशी.

प्रत्येक किमोच्या आधी रक्त तपासतात. त्यात एक एलएफटी असते, लिव्हर फंक्शन टेस्ट. यकृत नीट काम करतंय का ते तीवरून कळतं. तिसऱ्या वेळी आकडे वाढलेले आले. डॉक्टर म्हणाल्या, "आठवडाभर थांबू." आठवड्याने आकडे आणखी वर. पुन्हा थांबलो. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" मी नाही म्हटलं. मुरळीने नाही म्हटलं. शेजारच्या खुर्चीवर अम्मा बसल्या होत्या, त्यांनीही ठामपणे मान हलवली.

मुरळी घाबरला. वेळापत्रक मोडत होतं आणि न दिसणारं आत काय करत असेल कोण जाणे. मलाही घाबरायला हवं होतं. पण खरं सांगू? मला बरं वाटत होतं. सुया नाहीत, ओकाऱ्या नाहीत. डॉक्टरांच्याच तोंडून सुट्टी मिळाली होती. रिपोर्ट पुन्हा वाईट यावा असं एका सकाळी चक्क मनात आलं. ज्यांनी किमो घेतली आहे त्यांना हे कळेल. बाकीच्यांनी माफ करावं.

मग एका दुपारी माझं अर्धं रसम उरलं. मुरळी घरून काम करत होता, स्वयंपाकघरात आला, ओट्यावरची माझी वाटी उचलली आणि एका दमात तोंडाला लावली. पुढच्या क्षणी तो बेसिनकडे धावला. खोकतोय, थुंकतोय, जीभ नळाखाली धरतोय. "हे काय आहे? विष आहे का काय?"

"विष कशाला? निलवेंबू," अम्मा शांतपणे म्हणाल्या.

निलवेंबू म्हणजे आपलं किराईत म्हणतात त्यातलं एक, कडूजहर. इथे डेंग्यूची साथ आली की घरोघरी त्याचा काढा करतात. अम्मा तो रोज दोन वेळा माझ्या रसमात घालत होत्या, सोबत लक्ष्मणफळाची पानं उकळून आणि चमचाभर हळद. गंजक्या खिळ्याच्या चवीत मला त्यातलं काहीही कळलं नव्हतं.

"अम्मा, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?" मुरळी ओरडला.

"मरुंदु आहे का म्हणून विचारलें तिनें. हें मरुंदु नाही रे, हें घरचें. रसमाला मरुंदु म्हणतांत काय कोणी?"

मरुंदु म्हणजे औषध. अम्मा खोटं बोलत नव्हत्या. मेडिकलमधून पाकिटात येतं ते औषध, पातेल्यात उकळतं ते जेवण. त्यांच्या माहेरी दिवाळीला फराळाच्या आधी सुंठ-मिऱ्यांचं लेह्य चाटायचं, बाळंतिणीला अमुक, पावसाळ्यात तमुक. यातल्या कशालाच कोणी औषध म्हटलं नव्हतं. आणि साताऱ्यात तरी वेगळं काय होतं? गुळवेल पिणाऱ्या माझ्या मावशीला विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, मी बाई कसलंच औषध घेत नाही.

हे सगळं मला आज समजतं. त्या दुपारी मला फक्त राग आला. माझ्या शरीरात मला न विचारता काहीतरी घातलं जात होतं, आणि मी ते सासूचं प्रेम समजून पीत होते. मी म्हणाले, "अम्मा, माझा जीव गेला असता." रसमाचं पातेलं त्यांनी सिंकमध्ये ओतलं. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

मुरळीचं म्हणणं पडलं की काढा बंद झाला ना, मग डॉक्टरांना कशाला सांगायचं, उगाच बोलणी खावी लागतील. मी म्हटलं, सांगायचं. आणि अम्मा देवघरातून म्हणाल्या, "मी येत्यें. मीच सांगेन अस्कें." अस्कें म्हणजे सगळं.

त्या आल्या, कांजीवरम नेसून, लग्नाला निघाल्यासारख्या. पिशवीत सगळ्या पुड्या आणि पानं. डॉक्टरांच्या टेबलावर एकेक मांडून त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, काय, किती, किती वेळा. मी जमिनीकडे बघत होते.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक पुडी उघडून बघितली, वास घेतला. तमिळमध्ये आजीला मारतात तशी हाक मारून म्हणाल्या, "पाट्टी, वनस्पतीत काही नसतं असं मी म्हणणार नाही. ह्याच आजारावरचं एक औषध आम्ही देतो, ते मुळात एका झाडातून निघालं. पण त्याचा नेमका भाग, नेमका किती, हे ठरवायला वर्षं गेली. तुमच्या पानात आज किती आहे, उद्या किती, तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत पुष्कळ गोष्टींनी कर्करोगाच्या पेशी मरतात. माणसाच्या पोटात तसंच होईल असं नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "लिव्हर निलवेंबूने बिघडलं की माझ्या औषधाने, मी शपथेवर सांगू शकत नाही. एका पातेल्यात दोन गोष्टी असल्या की कुठली लागली ते कळत नाही. म्हणून एकच राहू द्या."

अम्मांनी विचारलं, "मग पालेभाज्या, हळद, हें अस्कें खाऊन उपयोग नाही?" डॉक्टर म्हणाल्या, भाज्या, डाळी, कोंड्यासकट धान्य रोज खाणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका थोडा कमी असतो. जेवणातली हळद जेवणात राहू द्या. पण धोका कमी म्हणजे शून्य नाही, झालेली गाठ भाजीने जात नाही, आणि भाजी खाल्ली म्हणून तपासणी चुकत नाही.

अम्मांनी पुड्या एकेक करून परत पिशवीत भरल्या. मग म्हणाल्या, "मग मी काय करूं?"

इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. माझा राग अर्धा तिथेच उतरला. डॉक्टर म्हणाल्या, "डाळीची पेज द्या. दही द्या. तिचं वजन उतरू देऊ नका. हे माझ्याच्याने होणार नाही."

काढा थांबल्यावर आकडे हळूहळू खाली आले. किमो पुन्हा सुरू झाली, थोड्या कमी डोसवर. मला आनंद झाला नाही, सुट्टी संपल्याचं दुःखच जास्त झालं. पुढचे सगळे डोस मी कसे घेतले ते वर्णन करण्यासारखं नाही. गेले, टोचून घेतलं, घरी आले. शेवटच्या डोसनंतरचा स्कॅन स्वच्छ आला. पायाची बोटं अजून बधिर आहेत. पाच वर्षं तपासण्या चालू राहतील.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: घरातल्या मोठ्या माणसाला औषध देता का असं विचारू नका. पातेल्यात काय काय घातलं ते विचारा, आणि जे निघेल ते डॉक्टरांना सांगा. ओरडतील असं वाटलं तरी सांगा.

स्कॅननंतरच्या आठवड्यात मी भाजी निवडत होते. अम्मा समोर येऊन बसल्या. माझ्याबरोबर देठं खुडू लागल्या.

"सुनीता, तें निलवेंबू मी तुझ्यासाठी आणलें नव्हतें गे."

"मग?"

"माझ्यासाठी. मलाही रक्त दिसतें. तुझ्या ऑपरेशनच्या आधींपासून." त्या भाजीकडे बघत होत्या. "मी पीत होत्यें, मला बरें वाटलें, म्हणून तुलाही दिलें."

वर्षभर. माझी पेज करताना, हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर माझ्याबरोबर ताटकळताना, माझ्या उलटीची बादली धुताना. घरात एक आजारी आहे, दुसरी कशाला, असा हिशेब त्यांनी मनात केला होता. मला रडू आलं आणि रागही आला, आणि ह्या वेळी मी दोन्ही लपवलं नाही.

त्यांची कोलोनोस्कोपी मागच्या महिन्यात झाली. खारट पाण्याचा एकेक ग्लास मी समोर बसून संपवून घेतला. दोन पॉलिप निघाले, म्हणजे अस्तरावर वाढलेले मांसल कोंब. कॅमेऱ्याच्या नळीतूनच काढून टाकले. एक पुढे जाऊन कर्करोगाचा झाला असता, अजून झाला नव्हता. बाकीचं रक्त खरंच मूळव्याधीचं.

लोक विचारतात, आजाराने काय शिकवलं. मला विशेष काही शिकवलं नाही, मला नुसतं दमवलं. पण तो मला झाला नसता तर अम्मा डॉक्टरांच्या त्या खोलीत कधी गेल्या नसत्या, आणि डॉक्टर ओरडत नाहीत हे त्यांना कळलं नसतं. त्यांनी तोंड उघडलं, म्हणून त्या वाचल्या. ह्यासाठी कोणाचे आभार मानायचे ते मला ठाऊक नाही, पण मी मानते. रोज, त्या शेजारच्या खोलीत घोरत असतात तेव्हा.