करीमसेठ : आधी पायी, मग पाठीवर

मंगरूळपीरच्या शाळेत मी नोकरीला लागलो, त्याच वर्षी करीमसेठांना प्रथम पाहिले. ते घोड्यांचे मोठे व्यापारी, गावातले वजनदार गृहस्थ. पण त्या दिवशी आपल्या अंगणात एका बुजऱ्या शिंगराकडे पाठ करून स्वस्थ उभे होते. मला वाटले, कुणाची तरी वाट पाहत असावेत. वाट शिंगराचीच होती. बऱ्याच वेळाने शिंगरू आपण होऊन आले आणि सेठांच्या कोपराला नाक लावून उभे राहिले. तेव्हा कुठे त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे ठरले, तेव्हा थोडा कचरलो. मला घोड्यांतले फार कळत नाही, आणि स्तुती करताना लेखणी सैल सुटते. म्हणून डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो.

सेठांचा शिरस्ता साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. विकलेल्या घोड्यावर बसून ते कुणाला गावी जाऊ देत नाहीत. घेणाऱ्याने आधी त्यांच्या अंगणात घोड्याला हाती धरून चालवायचे. आपण थांबलो की घोडे थांबावे, मागे सरलो की सरावे, आणि दोर मात्र ढिला राहावा. एवढे साधले म्हणजे त्याला पायीच घरी न्यायचे. एका मालदार गृहस्थाने हे मानले नाही, तेव्हा सेठांनी चार लोकांदेखत सौदा मोडला. मला ते पटले नाही. एकांतात सांगता आले असते. तसे मी बोललोही.

ते म्हणाले, "मास्तर, मानूस रुसला त आपल्या घरी जाते. घोडं बिथरलं त त्यानं कोठी जावं?"

त्या अपमानाचे समर्थन मी आजही करत नाही. पण घोड्याची बाजू मला त्या दिवशी प्रथम दिसली.

माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान, आसेगावात वैद्यकी करतात. औषधांच्या बाटल्या खुळखुळल्या म्हणून त्यांचे पहिले घोडे उधळले आणि भाऊजींची मांडी मोडली. हाड जुळले, भीती मात्र राहिली. खेड्यांवरचे जाणे बंद पडले. तिकडचे रोगी ताटकळत, आणि हे घरात मान खाली घालून बसलेले. मी त्यांना सेठांकडे आणले.

सेठांनी एक कुमैत, काळपट तांबड्या रंगाची घोडी काढली आणि म्हणाले, "वैद्यबुवा, घोडी पाहाले आले अन् बाटल्यायची थैली घरीच ठेवून आले? तुमाले भेव त थैलीचं हाय."

थैली आणवली. घोडीला ती हुंगायला दिली, मग तिच्या दाण्याजवळ टांगली. मग भाऊजींनी ती हातात खुळखुळवत घोडीबरोबर फेऱ्या घातल्या. शेवटी थैली पाठीवर चढली, तेव्हा घोडीने कान हलवले, इतकेच.

घरी न्यायच्या दिवशी सेठ आणि मी सोबत होतो. वाटेत एका शेतकऱ्याने हाक मारली, "काहो वैद्यबुवा, घोडी बिमार हाय का तुमी? कोन कोनाले नेऊन राह्यलं?"

भाऊजी ओशाळले. सेठच म्हणाले, "दोघंबी बिमार हायत, भाऊ. एकमेकायची दवा करून राह्यले."

नाल्याशी घोडी अडली. भाऊजींनी दोर ओढताच तिने मान ताठ केली, बाटल्या वाजल्या आणि भाऊजी पांढरेफटक पडले. ते दोर टाकणार, तोच सेठ म्हणाले, "ओढू नोका, सोडूबी नोका. तिले पाणी पाहू द्या. तुमी तिच्यापाशी उभे राहा."

घोडी पाण्याकडे पाहत राहिली. मग मान खाली करून ती फुरफुरली, पाणी प्याली. भाऊजी जोडे काढून पाण्यात शिरले. मागे ती आली. दोर ढिलाच होता.

पलीकडे पोहोचताच भाऊजींचा चेहरा उजळला. "सेठ, आता बसू का हिच्यावर?"

"घर आलं काय?" सेठांनी विचारले.

भाऊजी पायीच चालले. दुसऱ्या सकाळी मात्र ते घोडीवर बसून खेड्यावरच्या रोग्याकडे गेले, आणि ताई ते दिसेनासे होईपर्यंत दारात उभी होती. पुढे कितीतरी दिवस सेठ आसेगावी येत. घोडी पाहायला आलो म्हणत, चौकशी मात्र भाऊजींची करत.

सेठांच्या साठीच्या सत्काराला भाऊजी येणार आहेत. घोडी आता म्हातारी झाली आहे, म्हणून तिला हाती धरून पायीच आणतो म्हणाले. करीमसेठांना परमेश्वर धडधाकट दीर्घायुष्य देवो, आणि त्यांच्या अंगणात अशी पायी आलेली माणसे नि जनावरे त्यांना पुष्कळ वर्षे भेटत राहोत.