जळगावची फ्लॉपी

परवा खण आवरताना एक काळी फ्लॉपी सापडली आणि धुळ्याचे नाना आठवले. नव्वदच्या दशकात ते आमच्या दैनिकाच्या धुळे आवृत्तीची पाने संगणकावर लावत. पहिले पान मी जळगावहून फ्लॉपीवर, एसटीने पाठवत असे. जळगावात पाने लावायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, धुळ्यात जुनीच राहिली. त्याच आठवड्यात माझे पान तिथे उघडले नाही आणि धुळ्याचा अंक निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात नाना फ्लॉपी रुमालात गुंडाळून जळगावला आमच्या कार्यालयात आले. शाई आणि रॉकेलच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत ते म्हणाले, "साहेब, फ्लॉपीच खराब शे." व्यवस्थापकांनी ती माझ्या संगणकात घातली. पान लगेच उघडले. "इथं तर उघडतंय, नाना! डोळे तपासून घ्या आता," व्यवस्थापक म्हणाले. सगळे हसले. "मंग मनाकडे का उघडनं नही?" आपल्याकडे धुळ्यात का उघडले नाही, असे नानांनी अहिराणीत मला विचारले. पान जुन्या आवृत्तीसाठी वेगळे साठवायचे मी विसरलो होतो, हे मला तेव्हाच कळले. ते कुणालाही न सांगता मी फ्लॉपी काढून माझ्या खणात टाकली. महिनाअखेरीस नानांना कामावरून काढले. मी पुढे वृत्तसंपादक झालो. फ्लॉपीवरच्या चिठ्ठीवर नानांचे अक्षर अजून स्पष्ट आहे: 'जळगावला दाखवणे.'